मिलिंद : एका यवन राजाचे नाव आपल्या घरात कसे आले?

आपल्या कोणत्याही वस्तीत संध्याकाळच्या वेळी उभे राहून ‘मिलिंद’ अशी हाक मारली, तर दोन-तीन गृहस्थ तरी मागे वळून पाहतील. आमच्या वस्तीत रेल्वेतला मिलिंद आहे, बँडवाला मिलिंद आहे, आणि उंचीने सगळ्यांत मोठा असूनही लहानपणापासून चिकटलेल्या नावाने ओळखला जाणारा बारका मिलिंद आहे. मात्र हे तिघेही चाळिशी ओलांडलेले. बालवाडीच्या हजेरीपटात हे नाव मला अलीकडे सापडलेले नाही. एके काळी आपल्या समाजात कोणाच्या कानावरही न पडलेले हे नाव घराघरात आले, पिढीभर गाजले आणि आता पुन्हा दुर्मिळ होऊ लागले आहे. त्याची हकीकत आपल्या मुलाबाळांना माहीत असावी, म्हणून हा लेख.

धम्मदीक्षेपूर्वी आपल्या घरात कशी नावे होती, हे जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. दगडू, धोंडी, कचरू, भिका, उकिरडा. मुले जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये, मृत्यूने ‘हे काय, दगडच आहे’ असे समजून पुढे जावे, अशा भाबड्या समजुतीने ही नावे ठेवत. इतर जातींतही अशी नावे होती, हे खरे आहे. पण आपल्या बाबतीत त्यामागे आणखी एक गोष्ट होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसे असावे याचा नियमच घालून दिला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक, आणि शूद्राचे? ते किळसवाणे, निंदा दाखवणारे असावे. शूद्राची ही गत, मग त्याच्याही खाली ढकललेल्यांचे काय? एखाद्या बापाने हौसेने रामचंद्र नाव ठेवलेच, तर गावात त्याचा ‘राम्या’ होत असे, आणि तो सत्तर वर्षांचा म्हातारा झाला तरी पाटलाचे दहा वर्षांचे पोर त्याला राम्याच म्हणत असे. ज्या ग्रंथाने हा नियम केला, तो बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला. त्या आगीत आपल्या नावांचाही प्रश्न होता, असे मला नेहमी वाटते.

आता या राजाकडे वळू. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर काही शतकांनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यास, आजच्या अफगाणिस्तानात आणि पंजाबात एक ग्रीक राजा राज्य करीत होता. त्याचे मूळ ग्रीक नाव मेनांद्रोस. या नावात दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ टिकून राहणे, ठाम उभे राहणे, आणि दुसऱ्याचा अर्थ माणूस, पुरुष. म्हणजे ठामपणे उभा राहणारा पुरुष. ग्रीसमध्ये हे नाव काही जगावेगळे नव्हते. अथेन्सला याच नावाचा एक प्रसिद्ध नाटककारही होऊन गेला. आपल्याकडे ग्रीकांना यवन म्हणत, पालीत योन किंवा योनक. परक्या माणसाचे नाव आपल्या जिभेला वळत नाही, तेव्हा जीभ त्याला आपल्यासारखे करून घेते. इंग्रजांच्या काळात ‘लॉर्ड’चा ‘लाट’ झालाच ना? तसा मेनांद्रोसचा पालीत ‘मिलिंद’ झाला. ‘न’च्या जागी ‘ल’ आला, शेवटचा ‘र’ गळून पडला. काश्मीरचा संस्कृत कवी क्षेमेंद्र याने मात्र तो ‘र’ राखून ‘मिलिंद्र’ असे लिहिले आहे.

या राजाची नाणी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बहुधा ग्रीकांची अथेना देवी आणि भोवती खरोष्ठी लिपीत प्राकृत अक्षरे : ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’. त्राता महाराज मेनंद्र यांचे नाणे, असा त्याचा अर्थ. काही नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्रही आहे. ही नाणी इतकी चांगली होती, की राजा गेल्यानंतर दोनशे वर्षांनीही ती भडोचच्या बंदरात चालत होती, अशी नोंद एका ग्रीक दर्यावर्द्याने करून ठेवली आहे. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराच्या मते त्याने हिंदुस्थानात अलेक्झांडरपेक्षाही जास्त मुलूख जिंकला. आणि प्लुटार्क सांगतो, की हा राजा छावणीत वारला तेव्हा त्याच्या राखेसाठी नगरांमध्ये चढाओढ लागली. शेवटी ती राख वाटून घेतली गेली आणि तिच्यावर स्मारके उभारली गेली. वाचकहो, ही गोष्ट कोणाच्या अस्थींची आठवण करून देते ते आपल्याला सांगायला नको.

पण नुसता मुलूख जिंकला म्हणून या राजाचे नाव कोणी आपल्या लेकराला ठेवले नसते. मुलूख जिंकणारे पुष्कळ झाले. मिलिंद आपल्यापर्यंत आला तो ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथामुळे. पञ्ह म्हणजे प्रश्न. राजाने विचारलेले प्रश्न आणि भिक्खू नागसेन यांनी दिलेली उत्तरे, असा हा ग्रंथ आहे. ब्रह्मदेशात त्याला थेट त्रिपिटकात स्थान आहे. चीनमध्येही फार पूर्वी त्याचे भाषांतर झाले आणि तिकडे तो नागसेन भिक्खूच्या नावाने ओळखला जातो. हिंदीत भिक्खू जगदीश काश्यप यांनी तो आणला आहे.

ग्रंथातला राजा सागल नगरीत राहतो. हे सागल म्हणजे आज पाकिस्तानात असलेले सियालकोट, असे मानतात. आपला जन्म अलसंदा बेटावरच्या कलसी गावचा, असे तो स्वतः सांगतो. हा राजा वाद घालण्यात पटाईत. आयुपाल नावाच्या स्थविरालाही त्याने निरुत्तर केले होते. आपल्याशी बोलू शकेल असा या देशात कोणी नाहीच, अशी त्याची खात्री झाली होती. तेवढ्यात नागसेन सागलला आले.

आणि गंमत पाहा, या सगळ्या ग्रंथातला पहिला मोठा वाद नावावरूनच सुरू होतो. राजा विचारतो, भन्ते, आपले नाव काय? नागसेन सांगतात, मला नागसेन म्हणतात. आईबाप कोणाचे नाव नागसेन ठेवतात, कोणाचे शूरसेन, कोणाचे वीरसेन. पण हे ओळखण्यापुरते नाव आहे, त्याच्या मागे कायमचा असा कोणी आत्मा बसलेला नाही. राजा चकित होतो. मग चीवर कोण वापरतो? शील कोण पाळतो? तुमचे केस म्हणजे नागसेन? नखे? दात? नागसेन प्रत्येक वेळी नाही म्हणतात. राजाला वाटते, धरले याला. तेव्हा नागसेन शांतपणे विचारतात, महाराज, आपण पायी आलात की वाहनाने? रथाने. मग रथ म्हणजे काय ते सांगा. दांडी म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? चाके म्हणजे रथ? राजाला प्रत्येकाला नाहीच म्हणावे लागते. शेवटी तोच कबूल करतो, की दांडी, आस, चाके, सांगाडा हे सगळे एकत्र आले म्हणजे त्याला रथ हे नाव पडते. नागसेन म्हणतात, बरोबर. माझेही तसेच आहे.

ही रथाची गोष्ट घरात मुलांना जरूर सांगावी. रथ नको असेल तर सायकल घ्यावी. हँडल म्हणजे सायकल का? सीट म्हणजे सायकल का? आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ते चटकन समजते, मोठ्यांना थोडा वेळ लागतो. आणि ज्याला रथ समजला त्याला जातही समजते. रक्त म्हणजे महार का? हाड म्हणजे ब्राह्मण का? एकेक भाग काढून पाहावा, कुठेच सापडत नाही. सापडते ते फक्त लोकांनी दिलेले नाव. ग्रंथात जातीचे हे उदाहरण नाही, ते माझे आहे. पण नागसेनांच्या वाटेने गेले की माणूस तिथेच पोहोचतो.

दुसरा प्रसंग मला याहूनही मोलाचा वाटतो. राजा म्हणतो, भन्ते, आपण पुढेही चर्चा करू या. नागसेन म्हणतात, पंडितांसारखी करणार असाल तर करू. राजांसारखी करणार असाल तर नको. फरक काय? पंडितांच्या वादात गुंता होतो, तो सोडवला जातो, एकाची बाजू पडते, पण त्यावरून कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट बोलतात आणि जो ती मानत नाही त्याला शिक्षा करा म्हणतात. मिलिंद राजा मान्य करतो, पंडितांसारखीच करू. आपण भिक्खूशी, श्रामणेराशी, उपासकाशी बोलावे तसे मोकळेपणाने बोला, भिऊ नका. हातात सत्ता असलेला माणूस समोरच्याला ‘भिऊ नका’ म्हणतो आणि हरल्यावर हरलो म्हणतो! आजच्या किती साहेबांना हे जमेल?

ग्रंथाच्या शेवटी राजा मुलाकडे राज्य सोपवून भिक्खू होतो असे सांगितले आहे. इतिहासाचे अभ्यासक हा भाग नंतर जोडला गेला असावा असे समजतात, आणि प्लुटार्कची छावणीतली हकीकतही त्याच्याशी जुळत नाही. आपण बुद्धिवादी धम्माचे लोक आहोत, तेव्हा हे लपवायचे कारण नाही. नाण्यांवरचा राजा आणि ग्रंथातला राजा यांच्यात थोडे अंतर राहणारच.

ग्रीकांचा आणि महाराष्ट्राचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट येथील यवनांनी दान दिलेले आहेत, तसे त्या खांबांवरच लिहिले आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिली, चंद नावाच्या यवनानेही दान केले. नाशिकच्या लेण्यात एक दाता स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक म्हणवतो. त्याच्या बापाचे नाव धम्मदेव आणि मुलाचे नाव धम्मरक्षित. आता पाहा, इरिल हे नाव परके वाटते, चंद हे अगदी इथले, आणि धम्मदेव-धम्मरक्षित म्हणजे तर उघड उघड धम्माची नावे. १९५६ नंतर आपल्या आजोबांनी मुलाचे नाव कचरू न ठेवता सिद्धार्थ ठेवले, तेच काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच सह्याद्रीत ग्रीक बापांनी केले होते. कार्ल्याच्या सहलीला आपली कुटुंबे जातात, फोटो काढतात. पुढच्या वेळी खांबांवरची ती अक्षरे मुलांना दाखवावीत.

आपल्या काळात हे नाव बाबासाहेबांनी आणले. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि जून १९५० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सोसायटीचे दुसरे महाविद्यालय निघाले. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात गरिबाच्या मुलाला कॉलेज म्हणजे स्वप्नच होते. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. पुढे या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. कोणा पैसेवाल्याने देणगी दिली म्हणून त्याचे नाव, अशी पद्धत तेव्हाही होती आणि आजही आहे. बाबासाहेबांनी ती मोडली. विचारणारा विद्यार्थी मिलिंदासारखा असावा आणि उत्तर देणारा शिक्षक नागसेनासारखा, ही त्यांची दृष्टी होती. राजा महाविद्यालयाच्या फाटकावर आणि भिक्खू सगळ्या आवारावर, ही वाटणीही विचार करण्यासारखी आहे.

त्या आवारातून प्राचार्य म. भि. चिटणीसांसारख्यांच्या हाताखाली मुले शिकली. गंगाधर पानतावणे यांनी तिथे शिकवले आणि ‘अस्मितादर्श’ चालवले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला, तेव्हापासून १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत जो लढा झाला, त्यात नागसेनवनातली मुले पुढे होती. एका नावासाठी घरे जळाली, माणसे गेली. नावाला किंमत नसते असे ज्यांना वाटते त्यांनी ती सोळा वर्षे आठवावीत.

धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, सुजाता, संघमित्रा, यशोधरा यांच्याबरोबर मिलिंदही पाळण्यात आला. ज्यांनी मिलिंद महाविद्यालय पाहिलेसुद्धा नव्हते अशा आयांनी हे नाव ठेवले. प्रल्हाद शिंदे यांच्या घरातही आनंद आणि मिलिंद ही भावांची नावे, आणि त्या दोघांचा आवाज ऐकल्याशिवाय आपली जयंती होत नाही. योगायोग असा, की हिंदी सिनेमातही आनंद-मिलिंद ही संगीतकार भावांची जोडी आहे. १९८८ सालच्या ‘कयामत से कयामत तक’चे संगीत त्यांचे. ते संगीतकार चित्रगुप्त यांचे चिरंजीव. कॅसेटच्या जमान्यात दुकानात आनंद-मिलिंद मागितले की दुकानदार विचारायचा, कुठले?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मिलिंद हे नाव फक्त आपल्याच घरात आहे असे नाही. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. जुन्या कवितेत कमळाभोवती फिरणारा मिलिंद येतो, त्याचा ग्रीक राजाशी संबंध नाही. पांढरपेशा घरांत हे नाव आले ते बहुतेक त्या वाटेने, आणि आपल्या धम्मदीक्षेच्या आधीपासून ते तिथे आहे. मुंबईचे क्रिकेटपटू मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ चा. पुढे मिलिंद गुणाजी, मिलिंद सोमण, ‘शाळा’ कादंबरीचे लेखक मिलिंद बोकील अशी कितीतरी नावे. भुंग्याचा मिलिंद आणि राजाचा मिलिंद एकाच बाकावर बसून शिकले, पण शिक्षकांना दोघांतला फरक नुसत्या नावावरून कळला नाही. सिद्धार्थ आणि राहुल यांचेही आता तसेच झाले आहे.

म्हणून मग पुढचा प्रश्न येतो : आडनाव काय? मी नोकरीला लागलो त्या कार्यालयात माझ्याबरोबर एक मिलिंद रुजू झाला होता. साहेबांनी हसून विचारले, ‘‘मिलिंद, वा! पूर्ण नाव?’’ त्याने आडनावासह सांगितले. ‘‘असं, असं,’’ म्हणून साहेबांनी फाईल पुढे ओढली, आणि त्यानंतर त्याला कधी नुसते ‘मिलिंद’ म्हटले नाही. गावात रामचंद्राचा राम्या होत होता, शहरात मिलिंदचे आडनाव होते, एवढाच फरक.

हीच धास्ती आता तरुण आईबापांच्या मनात आहे. मागे आमच्या वस्तीत एका नामकरणाला बौद्धाचार्यांबरोबर मी गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले आणि नाव जाहीर करायची वेळ आली. बाळाच्या आजीची इच्छा मिलिंद नावाची, कारण तिचा भाऊ त्याच कॉलेजात शिकलेला. सूनबाई खासगी दवाखान्यात आयाचे काम करते. ती हळूच म्हणाली, ‘‘काका, नाव असं ठेवा की कुणाला काही कळणार नाही. आम्ही सोसलं, याला नको.’’ आजी म्हणाली, ‘‘अगं, मिलिंद तर साहेबलोकांतबी असतंय. त्यात काय कळतंय?’’ सूनबाई म्हणाली, ‘‘आत्या, आपल्या घरात असलं की कळतं.’’ दोघींचेही खरे होते. शेवटी विहान ठेवले. पेढे वाटून झाले. आजी अजून त्याला मिलिंदच म्हणते, आणि ते पोर दोन्ही हाकांना ओ देते.

त्या माउलीला नाव ठेवण्याचा मला अधिकार नाही. लेकराला टोमणे बसू नयेत असे कोणत्या आईला वाटत नाही? पण ज्या घरात राजाची आणि रथाची गोष्ट सांगितली जाते, त्या घरातल्या मुलाला शाळेत कोणी विचारले तर उत्तर तरी देता येते. नाव विहान असो की मिलिंद, गोष्ट ठाऊक नसेल तर दोन्ही सारखीच. बारक्या मिलिंदला मी एकदा विचारले, तुझ्या नावाचा अर्थ काय? तो म्हणाला, भुंगा. शाळेत बाईंनी तेवढेच सांगितले होते आणि घरी कोणी सांगितलेच नव्हते. राजाची हकीकत ऐकल्यावर तो म्हणाला, ‘‘दादा, हे आधी का नाही सांगितलं? पोरं मला भुंगा-भुंगा करून चिडवायची.’’

आता थोडे कारकुनी काम. ज्यांना हे नाव ठेवायचे आहे त्यांनी ‘मिलिंद’ असेच लिहावे, दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व. ‘मिलींद’ असे पुष्कळ दाखल्यांवर दिसते, ते चूक आहे. इंग्रजीत शेवटी ‘ए’ लावायचा की नाही ते एकदाच ठरवावे आणि जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला सगळीकडे तेच ठेवावे. एका अक्षरासाठी जात पडताळणीच्या वेळी होणारे हेलपाटे मी रोज पाहतो. जन्माची नोंद करताना नाव ठरलेले नसेल तरी घाबरू नये. नोंद नावाशिवाय होते, आणि बारा महिन्यांच्या आत नाव फुकट भरून मिळते. त्यानंतर विलंब शुल्क भरून नोंदणीच्या तारखेपासून पंधरा वर्षांपर्यंत भरता येते. घरात वाद असेल, आजीला एक आणि आईला दुसरे हवे असेल, तर विचार करायला वर्ष आहे. तोवर रकाना कोरा राहू द्यावा.